फळीवरून चाला, मॅडम

"तुमच्या लोकांना चार पक्क्या भिंती फुकटात मिळतायत, आणि तू कव्हर मोजत बसतेस?"

साहेब हसत बोलले. तिसऱ्या स्लॅबच्या दिवशी, सकाळी, सगळ्यांसमोर. कपाळावर ओला टिळा, हातात खोबऱ्याचा तुकडा. समोर तीसेक मजूर, कंत्राटदाराचा सुपरवायझर, पूजेला आलेले गुरुजी, आणि मी.

साहेब म्हणजे महापालिकेचे या कामावरचे इंजिनियर. मी त्यांच्या हाताखालची नाही. कंत्राटदाराचं काम नीट चाललंय का हे बघायला पालिका एक वेगळी कंपनी नेमते, त्या कंपनीची मी साइटवरची इंजिनियर. स्लॅब भरण्याआधी लोखंड तपासायचं, यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करायची, खाली सही करायची. साइटवर त्या कागदाला पोअर कार्ड म्हणतात. त्यावर माझी सही झाल्याशिवाय काँक्रीट पडता कामा नये, असा नियम आहे.

मी एवढंच म्हटलं होतं, "सर, अर्धा तास द्या. बघून घेते."

मजूर हसले नाहीत. सुपरवायझर हसला. साहेबांच्या प्रत्येक वाक्याला तो हसतो. त्याने स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, माझ्या हातातल्या कार्डावर बोट ठेवलं.

"इथे, मॅडम. मुहूर्त टळतोय."

मी सही केली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून काही लोक मला शूर म्हणतात आणि मला त्याची लाज वाटते. तीन स्लॅब, तीन सह्या, तिन्ही माझ्या. हात थरथरला वगैरे काही नाही. स्वच्छ, वाचता येईल अशी सही आहे. 'कव्हर तपासले' या ओळीपुढे बरोबरची खूण आहे, तीही माझीच.

आता 'तुमचे लोक' म्हणजे कोण ते सांगते. पालिकेचे सफाई कामगार. घाटकोपरला त्यांची तीन मजली जुनी वसाहत होती, मी तिथेच वाढले. आम्ही बौद्ध. आई-बाबा जालन्याकडून आलेले. बाबा रस्ते झाडायचे. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर आई लागली, अजून कामावर आहे. वसाहत पाडली तेव्हा सगळ्यांना कुर्ल्याच्या पलीकडे संक्रमण शिबिरात नेऊन टाकलं. जुन्या जागेवर नवी इमारत उठतेय. सोडत निघेल आणि ज्याला जो मजला लागेल तो. आईचं नाव त्या यादीत आहे. दोन पिढ्या या शहराची घाण उचलली, त्याला साहेब फुकट म्हणतात.

मी मूळची संशयी आहे. आमच्या घरात संशय शिकवावा लागत नाही.

जुन्या वसाहतीत स्लॅब आमच्या ताटात पडायचा. जेवताना वरून खडे यायचे. आई डाळीवर झाकण ठेवून वाढायची. वर बघितलं की गंजलेल्या सळया दिसायच्या, सोललेल्या, लाल. बाबांनी अर्ज केले. किती केले माहीत नाही, पण दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. शेवटी एकदा पालिकेचा इंजिनियर बघायला आला. मी तिसरीत असेन. बाबांनी शेजारून खुर्ची आणली, तिच्यावर धुतलेली चादर घातली. आईने दूध जास्त घालून चहा ठेवला.

इंजिनियर उंबऱ्यावर थांबला. नाकाला रुमाल. आत पाऊल टाकलं नाही.

बाबा म्हणाले, "साहेब, आत या. तिथून दिसायचं नाही."

तो म्हणाला, "दिसतंय."

आणि गेला. चहा आईने मोरीत ओतला. बाबा बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्याचा नाही, बाबांचा. चादर कशाला घातली म्हणून. त्या वयात राग कोणावर काढायचा हे कळत नाही.

त्या तपासणीचा कागद आला तो इंग्रजीत. बाबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. त्यात आपली बाजू आहे असं त्यांना वाटायचं. पुढच्या वर्षी वरचा तुकडा त्यांच्या उजव्या खांद्यावर पडला. त्यानंतर ते शेवटपर्यंत डाव्या हाताने झाडायचे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तो कागद बाहेर काढला आणि वाचला. एकच ओळ कामाची होती. रहिवासी घरात ओले कपडे वाळत घालतात, त्यामुळे छताला ओल आहे.

बाबा तेव्हा जिवंत होते. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "दुरुस्ती करा असं लिहिलंय." ते म्हणाले, "बघ. मी म्हणत होतो ना." मी खोटं बोलले, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं.

तर अशी मी. शिकून कंपनीत लागले. तिथले सीनियर दामले सर. वयस्कर, गोड बोलणारे, सगळ्यांना 'बेटा' म्हणणारे. या साइटवर मला टाकायचं ठरलं तेव्हा मी स्वतःहून सांगितलं, "सर, ही आमचीच वसाहत आहे. आईचं घर त्यात आहे. चालेल का?" सर म्हणाले, "अरे वा, मग तर उत्तमच." मला बरं वाटलं होतं. संशयी माणूससुद्धा कौतुकाला भुलतो.

कव्हर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. स्लॅबमधली सळई खालच्या शटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, प्लायवुडवर टेकता कामा नये, तिच्या खाली साधारण अंगठ्याएवढ्या जाडीचं काँक्रीट यायला हवं, म्हणून जाळीखाली जागोजागी सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, ठेवतात. ठोकळे नसतील तर सळई तळाला राहते, मुंबईची खारी हवा तिला खाते, आणि दहा-पंधरा वर्षांत छत ताटात पडायला लागतं.

साहेबांना हे माहीत नाही असं नाही. ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेत.

पहिल्या स्लॅबच्या दिवशी मला दहाची वेळ दिली होती. मी पावणेदहाला पोचले तर नारळ फुटलेला, मिक्सरचे ट्रक गेटवर, पंप चालू. सुपरवायझर म्हणाला, "मुहूर्त साडेनऊचा निघाला मॅडम, काय करणार?" पेढ्यांचा डबा फिरला. माझ्यापाशी आला तेव्हा साहेब सुपरवायझरला म्हणाले, "तिला नको देऊस, ते लोक मानत नाहीत." डबा माझ्यावरून पुढे गेला. मी खरंच मानत नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या स्लॅबला मला नऊ सांगितलं. मुहूर्त साडेआठचा. तिसऱ्यालाही नऊच सांगितलं, म्हणून मी मुद्दाम साडेआठला गेले, तरी पूजा सुरू होती. मला दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ग्रह जुळायचे. तिसऱ्या दिवशी सही करून झाल्यावर मी खाली उतरले. गुरुजी पिशवी भरत होते. मी साधेपणाने विचारलं, "गुरुजी, आजचा मुहूर्त कसा काढला?"

ते म्हणाले, "मी कुठला काढतोय? सुपरवायझरचा फोन येतो. या म्हणतात तेव्हा येतो."

बिचारे गुरुजी. त्यांना यात काही लपवायचं आहे हेच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला तोवर कळली नव्हती. सळयांच्या जाळीवर चालताना पाय अडकतो, म्हणून जाळीवर लाकडी फळ्या टाकतात. आमच्या साइटवर जिन्यापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून उजव्या कडेला, अशी फळ्यांची नीट वाट असायची. घाईत मी जे काही पाहिलं ते त्या वाटेवरून. फळीच्या दोन्ही बाजूंना वाकून बघितलं की ठोकळे दिसायचे. छान ओळीने. जरा बाजूला पाय टाकायला गेले की सुपरवायझर धावत यायचा.

"फळीवरून चाला, मॅडम. पाय मुरगळेल."

मला ती काळजी वाटायची. खरं सांगते, वाटायची.

तिसऱ्या स्लॅबनंतर आठवड्याने मी चौथ्याचं शटरिंग बघायला गेले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. फिटर लोकांचे मुकादम इस्माईल चाचा खांबाला टेकून डबा खात होते. सळया बांधणाऱ्यांना साइटवर फिटर म्हणतात. चाचा बंगालमधल्या मालदाकडचे, कमी बोलणारे. मी जवळून गेले तसे डब्यातून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आप लकडी के फट्टे के बाजू में देखते हो. बीच में भी देखा करो."

मी थांबले. "बीच में क्या है?"

"कुछ नहीं है. वही तो बोला."

माझा संशय आधी चाचांवरच गेला. हे मला का सांगतायत? सुपरवायझरशी वाकडं आलं असेल. मला अडकवायचं असेल. मी स्पष्टच विचारलं, "आप को इस में क्या मिलेगा?"

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. "हम तो गाँव चले जाएँगे. इस के नीचे सोना आप के लोगों को है."

आप के लोग. साहेबही तेच म्हणाले होते. मराठी-हिंदी दोन्हींत एकच शब्द, आणि चाचांच्या तोंडून तो ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला स्वतःचा. तीन वेळा मी वाकून बघितलं होतं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. नाकाला रुमाल तेवढा नव्हता.

मी त्याच दिवशी दामले सरांना मेल टाकला. चौथा स्लॅब भरण्याआधी मला अख्खा तपासायचा आहे, पूर्ण दोन तास लागतील, पूजेच्या आधी. मेल पाठवला सहाच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी आई ड्युटीवरून आली तीच तोंड पाडून.

"काय गं, तू बिल्डिंग थांबवलीस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"हजेरी चौकीवर आमचा मुकादम बोलला. म्हणाला, पोरीला समजव, नाहीतर तुलाच त्रास होईल. बबनमामापण आला होता." बबनमामा आमच्या रहिवाशांच्या कमिटीचा अध्यक्ष. "तो म्हणाला, अडीच वर्षं या खुराड्यात काढली, आता हिच्यामुळे अजून सहा महिने."

मी अजून काहीच थांबवलं नव्हतं. एक मेल पाठवला होता, तोही एका माणसाला. तो मेल एका रात्रीत पालिकेच्या चौकीवर झाडूवाल्यांच्या हजेरीपर्यंत पोचला होता. दामले सरांनी उत्तर मात्र दिलं नव्हतं.

मी आईला सगळं सांगितलं. फळ्या, ठोकळे, मुहूर्त. ती भाकरी थापत ऐकत होती. ऐकून म्हणाली, "सही करून टाक."

"आई!"

"टाक म्हणते. माझी चार वर्षं राहिलीत. मला दूरच्या चौकीवर फेकलं तर पहाटे चारला उठून जाऊ का आता? सगळी वस्ती तोंडावर थुंकेल. तू एकटी काय करणारेस?"

मला फार वाईट वाटलं. आपल्या आईने असं बोलू नये असं वाटत होतं, आणि ती चुकीचं काही बोलत नाही हेही कळत होतं. आम्ही जेवलो. ताटं धुताना तिने विचारलं, "आपलं घर कितव्या माळ्यावर?"

"माहीत नाही. सोडत निघायचीय."

"म्हणजे कोणाला कुठलं ते ठरलेलं नाही."

"नाही."

"म्हणजे कोणाच्या डोक्यावर पडणार तेपण ठरलेलं नाही," ती म्हणाली आणि ताट पालथं घातलं.

चौथ्या स्लॅबला मला साडेनऊची वेळ दिली होती. मी सातला गेले. वॉचमनने गेट उघडलं, त्याला वाटलं मी वेळ चुकले. वर कोणी नव्हतं. फळ्यांची वाट तयार होती. मी फळीवरून चार पावलं चालले आणि खाली उतरले.

जाळीवर चालायला जमतं. पाय आडवा टाकायचा, दोन सळयांवर एकदम. मी मधोमध गेले, वाकले, जाळीखाली करंगळी घालायचा प्रयत्न केला. जात नव्हती. सळई प्लायवुडला चिकटलेली. चार पावलं पुढे, तेच. डाव्या कोपऱ्यात, तेच. बाल्कनीच्या कडेला, जिथे हवा थेट लागते, तिथेही तेच. ठोकळे होते ते फक्त फळीच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरात. मी बघणार तेवढ्याच जागेत. बाकी अख्खा मजला रिकामा.

मनात चौथा नव्हताच. खालचे तीन होते.

मी फोटो काढले. फोन कंपनीचा होता, त्यामुळे प्रत्येक फोटो तिथल्या तिथे आईला आणि चाचांना पाठवला. माझ्या स्वभावाचा एवढा तरी उपयोग झाला.

साडेआठला सुपरवायझर वर आला, मागे गुरुजी, मागे साहेब. गेटवर मिक्सरचे ट्रक लागलेले दिसत होते, दोन आत, तीन रस्त्यावर. मला मधोमध उभी बघून सुपरवायझर ओरडला, "मॅडम, फळीवर या! फळीवर!"

मी म्हटलं, "इथे एकपण ब्लॉक नाही. भरायचं नाही. पोअर कार्डावर नाकारलं असं लिहिते."

साहेब शांतपणे म्हणाले, "तू खाली ये. आपण बोलू."

"इथूनच बोला, सर."

"अगं, ट्रक उभे आहेत. ब्लॉक टाकता टाकता भरतील पोरं."

"भरताना कोणी टाकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मग त्यांचा आवाज बदलला. "ए, जास्त शहाणपणा करू नकोस. कोट्यातून डिप्लोमा मिळाला म्हणून इंजिनियर झालीस काय? उद्या तुझ्या जागी दुसरा आणून उभा करीन. पंप चालू करा रे."

पंपवाल्याने सुपरवायझरकडे बघितलं, सुपरवायझरने साहेबांकडे.

मी खाली बसले.

ठरवून नाही. पाय दुखत होते आणि उभं राहिलं की ढकलता येतं असं वाटलं. सळयांवर मांडी घालून बसले. सळया टोचतात, पण बसता येतं. आणि बसल्यावर मला सुचलं की मला फार काही करायचंच नाहीये. ट्रकातलं काँक्रीट दोन-अडीच तासांच्या वर टिकत नाही. ते घट्ट व्हायला लागलं की ट्रक परत न्यावा लागतो, नाहीतर पूर्ण ड्रम वाया जातो. मी फक्त बसून राहायचं होतं. माझ्या अंगावर ते ओतणार नव्हते. निदान तीस माणसांसमोर तरी नाही.

साहेब म्हणाले, "उठवा हिला."

कोणी हललं नाही. इस्माईल चाचा बिडी शिलगावून खांबाला टेकले. काम करणाऱ्या बायकांनी घमेली पालथी घातली आणि त्यांच्यावर बसल्या. गुरुजींनी दोनदा घड्याळ बघितलं, नारळ पिशवीत ठेवला आणि जिना उतरले.

"पोलीस बोलावतो."

"बोलवा. त्यांनाही फळीवरून आणू नका."

मग फोन आला. दामले सर.

"बेटा, काय चाललंय? मला दहा मिनिटांत तीन फोन आले."

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज आहेत. मग म्हणाले, "तुझं अगदी बरोबर आहे. आता असं कर, सही कर आणि खाली शेरा टाक, ब्लॉक कमी आढळले. म्हणजे तू पण सुटलीस."

"सर, शेरा टाकल्याने ब्लॉक येणार नाहीत."

"बेटा, तू समजून घे. ही साइट तुला मुद्दाम दिली. उद्या कोणी आवाज केला तर वस्तीचीच मुलगी होती, तिनेच पास केलं, असं सांगता येतं. तुझ्या नावाला तिथे वजन आहे. ते असं घालवू नकोस."

हे त्यांनी प्रेमाने सांगितलं. माझी समजूत घालायला. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांना अजूनही कळलेलं नाही.

मला मात्र कळलं. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. 'अरे वा, मग तर उत्तमच.' माझं शिक्षण त्यांना नको होतं, माझी नजर तर नकोच होती. माझं आडनाव हवं होतं, कार्डाच्या खालच्या ओळीवर. पंधरा वर्षांनी कोणाच्या तरी खांद्यावर तुकडा पडेल आणि कोणीतरी फाइल काढून दाखवेल, बघा, तुमच्याच पोरीची सही. बाबांना निदान दुसऱ्याने फसवलं होतं.

मी फोन ठेवला. रडले. सगळ्यांसमोर. पण उठले नाही.

तासाभराने जिन्यावर आई दिसली. कामाचा निळा कोट अंगावर. कंत्राटदाराच्या गाडीतून आणली होती तिला, हे मला नंतर कळलं. सोबत बबनमामा. जे साहेब कुठल्या झाडूवालीशी कधी बोलले नसतील ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, समजवा हिला. तुमच्याच घरांचं काम आहे."

आई फळीच्या टोकाला उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. तिने ऊठ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

तिने विचारलं, "किती वेळ लागंल?"

"पाऊण तास. मग ट्रक आपोआप जातील."

ती साहेबांकडे वळली. "मग बसू द्या. माझी ड्युटी तर तुम्हीच सोडवलीत." आणि तिथेच फळीवर बसली.

बबनमामा शिव्या देत खाली गेला.

साडेदहाच्या सुमारास पहिला ट्रक वळला. मग दुसरा. त्या आवाजाने मला आनंद व्हायला हवा होता. मी खाली, तिसऱ्या मजल्याच्या दिशेने बघत होते. प्लायवुडच्या पलीकडे, एक मजला खाली, माझी सही होती.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन दिवसांनी ब्लॉक टाकून चौथा स्लॅब भरला, सही दुसऱ्याने केली. त्याने फळीच्या बाहेर पाय टाकला का, मला माहीत नाही, आणि माझा विश्वास नाही. मला पत्र मिळालं, 'साइटवर अडथळा व असभ्य वर्तन'. बोरिवलीच्या ऑफिसात फायली लावायला बसवलं, फोन जमा करून घेतला. आईची चौकी बदलून मुलुंडला टाकली. ती पहाटे चारला उठते. शिबिरात नळावर बायका तिच्याशी बोलत नाहीत. बबनमामा मला बघून पलीकडच्या बाजूने जातो. चाचा गावाला गेले की पाठवले गेले, त्यांचा नंबर लागत नाही.

आणि सगळे म्हणतात, झालं ना, चौथा नीट झाला ना, आता गप्प बस. दामले सर म्हणाले, "बेटा, पहिल्या तीन स्लॅबचं काढू नकोस. त्यावर तुझी सही आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील."

त्यांचं बरोबर आहे. त्या तीन स्लॅबचे माझ्याकडे फोटो नाहीत. साक्षीला कोणी उरलेलं नाही. त्यांच्याविरुद्ध एकच पुरावा आहे, तो म्हणजे मी केलेली खोटी खूण. ती खोटी आहे हे सांगू शकणारं माणूस एकच आहे.

परवा मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेले. मराठीत लिहिलेलं दोन पानी पत्र, तीन प्रती. आवक खिडकीवरच्या बाईंनी वरच्या चार ओळी वाचल्या.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "असं घेता येत नाही."

"घ्या. मी थांबते. मला बसून राहायची सवय आहे."

त्या उठून आत गेल्या, कोणाला तरी विचारून आल्या, पुन्हा पहिल्या पानावरून वाचत बसल्या. मग शिक्का मारला. मी तारीख तपासली, नंबर तपासला, तिन्ही प्रतींवर शिक्का आहे ना ते बघितलं. एक प्रत बाबांच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, जुन्या कागदाच्या वर.

पत्रात मी लिहिलंय की पहिल्या तीन स्लॅबच्या कार्डांवर 'कव्हर तपासले' या ओळीपुढे मी केलेली खूण खोटी आहे. मी तपासलं नव्हतं. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती करा, मी नाकारणार नाही. पण सोडत काढण्याआधी तिन्ही स्लॅबना खालून यंत्र लावा, आतली सळई किती खोल आहे ते त्यात दिसतं. त्या दिवशी मला बोलवा. नाही बोलावलं तरी मी येणार आहे. आणि यंत्र कुठे लावायचं ती जागा कंत्राटदाराने दाखवायची नाही, साहेबांनीही नाही.

फळ्या कुठे होत्या ते मला पाठ आहे. तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे लावा.